आधी मोजमाप, मग मत: दुर्गसंवर्धन संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व दुर्गसंवर्धन व गिरिभ्रमण संस्थांचे पदाधिकारी आणि स्वयंसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे अकरा आपल्या राज्यात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. या बारांना आता निधी मिळेल आणि देखरेखही लाभेल अशी आशा धरू या. यादीत नसलेल्या शेकडो गडांची काळजी मात्र पूर्वीसारखीच बहुतांशी तुमच्या खांद्यावर राहणार आहे. सुटीच्या दिवशी घरचे सारे बाजूला ठेवून पायथ्याचे गाव गाठणारे, टाक्यांतला गाळ घमेल्यांनी उपसणारे, तटावर मुळे रोवलेली झाडे काढणारे आणि झुडपांत हरवलेल्या पायऱ्या मोकळ्या करणारे तुम्हीच आहात. या कष्टांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे आणि त्याच आदरापोटी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गडावरचा कोणताही दगड हलवण्यापूर्वी तो जिथे आणि जसा आहे त्याची मोजमापांसह नोंद व्हावी, आणि ती नोंद संस्थेच्या कपाटात न राहता छापली जावी, एवढीच ती विनंती आहे.

तिचे महत्त्व पटावे म्हणून मी एका इंग्रज गृहस्थाचे चरित्र जरा विस्ताराने सांगणार आहे. मध्ययुगीन किल्ल्यांच्या अभ्यासाचा इंग्लंडमध्ये पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. पण ते कुठल्याही विद्यापीठात इतिहास शिकवत नव्हते आणि पुरातत्त्व खात्यातही नव्हते. मी ठाण्यात राहतो, आणि या गृहस्थांचा ठाण्याशी जवळचा संबंध आहे, हेही त्यांच्याविषयी लिहिण्याचे एक कारण आहे.

जॉर्ज थॉमस क्लार्क यांचा जन्म १८०९ साली लंडनमध्ये एका पाद्र्याच्या घरी झाला. शाळा संपल्यावर त्यांनी शल्यवैद्यकाची उमेदवारी केली आणि काही काळ ब्रिस्टल शहरात वैद्यकीचा व्यवसायही केला. पुढे तो पेशा सोडून ते प्रख्यात अभियंता ब्रुनेल यांच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर अभियंता म्हणून रुजू झाले. लंडनचे पॅडिंग्टन स्थानक, तसेच टेम्स नदीवरचे बॅसिल्डन आणि मोल्सफर्ड येथले पूल यांच्या कामात त्यांचा वाटा आहे. १८४३ मध्ये ते मुंबईस आले. शहरातल्या एतद्देशीयांच्या वस्तीत सांडपाण्याचा निचरा कसा करावा याचा अहवाल सरकारने त्यांच्याकडून करवून घेतला आणि त्यानंतर मिठागरांच्या पाहणीचे कामही त्यांच्यावर सोपवले. त्याच सुमारास भांडुपला गेले असता मुंबई ते ठाणे आणि पुढे कल्याणवरून घाटांच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना सुचली, असे आपल्या रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. या मार्गाच्या मुख्य अभियंत्याचे पद त्यांना देऊ केले होते, परंतु इथली हवा मानवत नसल्याने त्यांनी ते नाकारले आणि ते मायदेशी परतले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली तेव्हा मुख्य अभियंता जेम्स बर्कली होते आणि क्लार्क वेल्समधल्या एका लोखंडाच्या कारखान्याचे विश्वस्त झाले होते.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक काम केले होते. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ते निरीक्षक झाले. गावोगावी जाऊन गटारे, विहिरी आणि कॉलऱ्याने ग्रासलेल्या गल्ल्या पाहून अहवाल लिहिणे हे त्यांचे काम होते. १८५२ मध्ये दक्षिण वेल्समधल्या डाउलेस येथील प्रचंड लोहकारखान्याचे मालक सर जॉन गेस्ट वारले, आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार क्लार्क विश्वस्त झाले. गेस्ट यांच्या पत्नी लेडी शार्लट या मध्ययुगीन वेल्श कथांचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या विदुषी होत्या. त्यांनी कारभारातून अंग काढून घेतल्यावर कारखान्याची खरी सूत्रे क्लार्क यांच्या हाती आली आणि आयुष्याच्या जवळजवळ अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे चार दशके, ती त्यांच्याकडेच राहिली. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून, म्हणजे बेसेमर पद्धतीने, पोलाद करण्याचा पहिला परवाना १८५६ मध्ये घेतला तो याच कारखान्याने. हजारो कामगारांचा हा पसारा सांभाळणारा माणूस उरलेल्या वेळात किल्ले मोजत असे.

किल्ल्यांचा नाद त्यांना तरुणपणीच लागला होता. दक्षिण वेल्समधल्या केर्फिली किल्ल्यावरचे त्यांचे पहिले लेखन १८३० च्या दशकाच्या मध्यातले, म्हणजे ते पंचविशीत असतानाचे आहे. गिल्बर्ट द क्लेअर या सरदाराने हा किल्ला १२६८ मध्ये बांधायला घेतला. एका तटाच्या आत दुसरा तट, आणि दोन्हींच्या भोवती ओढे अडवून निर्माण केलेले विस्तीर्ण जलाशय अशी त्याची रचना आहे. हे पाणी आपोआप साचलेले नाही. पूर्वेकडची लांबलचक दर्शनी भिंत म्हणजे मुळात एक तटबंद धरण आहे. तिच्या मागे पाणी तुंबवलेले आहे आणि ते सोडण्याची व अडवण्याची सोयही तिथेच केलेली आहे. हे बारकाईने वाचायला पाण्याची पातळी आणि उतार जाणणारा डोळा लागतो, आणि तो क्लार्क यांच्यापाशी होता. कोणत्याही बुरुजात शिरल्यावर ते भिंतीची जाडी मोजत, जिना कुठून सुरू होतो आणि कोणत्या बाजूला वळतो ते पाहत, वरून खाली सोडायच्या जाळीदार दरवाज्याची खाच शोधत, शौचकूप कुठे सांडतो ते तपासत, आणि तुळयांच्या भोकांवरून नाहीशा झालेल्या मजल्याची उंची ठरवत. वैद्य, रेल्वेचा अभियंता आणि आरोग्य निरीक्षक या तिन्ही पेशांची शिस्त त्या टिपणांत उतरली आहे. आपला व्यवसाय आणि आपला छंद यांत त्यांनी भिंत उभी केली नाही, हे मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत शिकण्याजोगे वाटते.

या टिपणांचे लेख झाले, ते पुरातत्त्वविषयक नियतकालिकांत वर्षानुवर्षे छापून येत राहिले आणि १८८४ मध्ये त्यांतूनच इंग्लंडच्या मध्ययुगीन लष्करी वास्तुकलेवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ तयार झाला. त्याशिवाय ग्लॅमॉर्गन परगण्याच्या सनदा आणि जुने दस्तऐवज गोळा करून त्यांनी १८८५ ते १८९३ या काळात चार खंडांत छापले. म्हणजे उभी वास्तू आणि कागद या दोहोंचा पाठपुरावा त्यांनी केला. १८९८ मध्ये ते वारले. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो त्याच वर्षी.

आता या चरित्रातला तो भाग सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. क्लार्क यांचा सर्वांत गाजलेला सिद्धान्त चुकीचा होता.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मातीचे शेकडो कृत्रिम टेकाड आहेत. सभोवार खंदक, माथ्यावर एकेकाळी लाकडी बुरूज, आणि पायथ्याशी कुंपण घातलेले आवार, असा हा किल्ल्याचा अगदी प्राथमिक प्रकार. तो कोणी आणला? जुन्या इंग्रजी बखरीत असे नोंदले आहे की दहाव्या शतकाच्या आरंभी राजा एडवर्ड आणि त्याची बहीण एथेलफ्लेड यांनी डेन्मार्ककडून आलेल्या डेन आक्रमकांच्या विरोधात अनेक ठिकाणी 'बर्ह' नावाची ठाणी उभारली. क्लार्क त्यांतल्या कितीतरी गावी गेले, तिथे त्यांना टेकाड दिसले, आणि बखरीतले ठाणे ते हेच असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मते हे टेकाड फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मनांच्या १०६६ च्या स्वारीपूर्वीचे, अँग्लो-सॅक्सन लोकांचे होते. त्या काळातल्या नामांकित इतिहासकारांनीही ते मत उचलून धरले आणि ते पुस्तकांतून सर्वत्र पसरले.

१८९४ मध्ये इतिहासकार जे. एच. राउंड यांनी या मतावर हल्ला चढवला, आणि त्याचा पुरता निकाल लावला तो एला आर्मिटेज यांनी. याही विद्यापीठातल्या प्राध्यापक नव्हत्या. १८४१ मध्ये लिव्हरपूल येथे जन्मलेल्या, केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, आणि पुढे एका धर्मोपदेशकाच्या पत्नी. मुले, घर आणि चर्चची कामे सांभाळून आर्मिटेजबाई टेकाडांमागून टेकाड पाहत गेल्या. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. बखरीतली ठाणी ही साऱ्या गावाच्या रक्षणासाठी होती, म्हणून ती विस्तीर्ण असली पाहिजेत. टेकाडाच्या माथ्यावर मात्र जेमतेम एका सरदाराचे बिऱ्हाड मावते, आणि ते त्याला त्याच गावापासून वाचवण्यासाठी असते. जिथे ठाणे असल्याची नोंद आहे अशा कित्येक जागी टेकाड नाही, आणि ज्या असंख्य जागी टेकाड आहे तिथे ठाण्याची नोंद नाही. उलट वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये नॉर्मन सरदार जिथे जिथे पोहोचले तिथे तिथे टेकाड उभे राहिलेले दिसते. फ्रान्समधल्या बायो येथील प्रसिद्ध मध्ययुगीन भरतकामाच्या पटावर नॉर्मन लोक हेस्टिंग्ज इथे माती रचून टेकाड उभारताना प्रत्यक्ष चितारलेले आहेत. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमच्या आज्ञेने १०८६ मध्ये झालेल्या पाहणीत, लिंकन शहरात किल्ल्यासाठी १६६ घरांची जागा गेल्याचे लिहिले आहे, आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी स्वतःचीच घरे पाडली असे कोणी म्हणणार नाही. १९१२ मध्ये आर्मिटेजबाईंचा ग्रंथ निघाला आणि वाद मिटला. टेकाड नॉर्मनांचे ठरले. पुढच्या शतकातल्या उत्खननांनी तपशिलात भर घातली, पण हा मूळ निर्णय कायम आहे.

इतके होऊनही क्लार्क वाचले जातात. सिद्धान्त कोसळला तरी वर्णने उभी राहिली, कारण त्यांत जे डोळ्यांना दिसले आणि टेपने मोजले ते होते. शिवाय ती छापलेली असल्यामुळे विरोधकाला ती घेऊन त्या जागी जाता आले आणि ताडून पाहता आली. आर्मिटेजबाईंना क्लार्क खोडता आले ते क्लार्क यांनी आपले पुरावे उघड्यावर मांडून ठेवले होते म्हणूनच. माझ्या मते हौशी अभ्यासकाला याहून मोठी कमाई नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या गडांवर बांधकामाचे थरावर थर आहेत. एकट्या पन्हाळ्यात शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापासून बहमनी, आदिलशाही आणि मराठे अशा अनेक राजवटींचे हात लागलेले आहेत. १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अशा गडावर एखादे जोते दिसले की ते कोणत्या काळातले आणि कशाचे, हे ठरवण्यासाठी दगडाची घडण, चुन्याचा पोत, विटांचा आकार, कौलांचे तुकडे, खापऱ्या आणि त्या कोणत्या थरात सापडल्या एवढाच पुरावा हाताशी असतो. दगडमातीचा ढीग साफ करताना हा पुरावा घमेल्यातून दरीत जातो, आणि एकदा गेला की कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी तो परत मिळत नाही. नंतर त्या जोत्यापुढे फलक लागतो: सदर, दारूकोठार किंवा राणीवसा, आणि बहुधा शिवकालीन. तो फलक बरोबरही असेल. पण कशावरून, हे विचारणाऱ्याला दाखवण्यासारखे काहीच उरलेले नसते, आणि ज्या महाराजांच्या नावाने आपण हे श्रम करतो त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास त्यामुळे तेवढा कच्चा राहतो.

संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही हे तुम्ही जाणता. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा त्याबाबत स्पष्ट आहेत. पण मोजायला, रेखाटायला आणि टिपायला कुदळ लागत नाही. एक साधा दरवाजा घ्या. कमानीची रुंदी आणि उंची, दोन्ही बाजूंच्या बुरुजांचा व्यास, अडसराची भोके किती खोल आहेत आणि अडसर कोणत्या बाजूच्या भिंतीत आत सरकत असे, दाराची खालची चूळ ज्या खळग्यात फिरायची तो उंबऱ्यापासून किती अंतरावर आहे, देवडीतल्या ओट्याची उंची, जंग्यांचा, म्हणजे तटातून मारा करण्याच्या भोकांचा, उतार कोणत्या वळणाकडे रोखलेला आहे, आणि गवंड्याने दगडावर कोरलेल्या खुणा असल्या तर त्या. चार जणांचे पथक एका दुपारी हे सहज करील. अशी नोंद राज्यातल्या शंभर दरवाज्यांची झाली, तर कोणत्या काळात कसे दरवाजे बांधले जात याविषयी आज जे अंदाजाने बोलले जाते ते पुराव्याने बोलता येईल.

तुमच्या संस्थांमध्ये स्थापत्य अभियंते आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, भूमापक, गवंडी, सुतार, शेतकरी आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आहेत. त्यांना मोहिमेच्या दिवशी सर्वांसारखेच घमेले उचलायला लावणे ही मोठी नासाडी आहे. पाटबंधाऱ्यातल्या माणसाने टाक्यांची मालिका पाहावी: पाणी कुठून येते, वरच्या टाक्यातून खालच्यात कसे उतरते, खडकात कोरलेली गाळ अडवण्याची खोबण कुठे आहे, आणि त्या पाण्यावर किती शिबंदी उन्हाळा काढू शकली असती. गवंड्याने चुना पाहावा. डोंगराच्या पोटात वाढलेल्या शेतकऱ्याला मेटांच्या, म्हणजे गडाच्या उतारावरच्या पहाऱ्याच्या चौक्यांच्या, जागा आणि मोडलेल्या वाटा जितक्या कळतात तितक्या आपल्याला नकाशावरून कळणार नाहीत, तेव्हा त्याचे सांगणे त्याच्या नावासह लिहून घ्यावे. क्लार्क यांनी केर्फिलीवर जे केले ते हेच: रोजच्या कामात तयार झालेले डोळे घेऊनच ते किल्ल्यात शिरले.

छापण्याचा आग्रह मी का धरतो, त्यासाठी फ्रान्समधल्या कूसी किल्ल्याचे उदाहरण पुरेसे आहे. तिथला तेराव्या शतकातला मुख्य बुरूज पन्नास मीटरहून उंच होता. युरोपातल्या मध्ययुगीन बुरुजांत त्याची गणना अग्रभागी होत असे. १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो स्फोटकांनी जमीनदोस्त केला. तो आतून कसा होता हे आज आपल्याला कळते, कारण एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने त्याची मापे घेऊन केलेली रेखाटने छापली होती. सह्याद्रीत शत्रूच्या स्फोटकांची गरज नाही. एका पावसाळ्यात बुरूज ढासळतो, आणि वर्षानुवर्षे शेकडो मोबाइलमध्ये साठलेली त्याची छायाचित्रे असूनही त्याच्या एका भिंतीचेही माप कुणापाशी नसते. छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी धरा, उत्तर दिशा लिहा, तारीख लिहा, आणि तुम्ही कुठे उभे होतात ते नकाशावर खूण करून ठेवा. एवढ्याने त्याच छायाचित्राचा पुरावा होतो.

पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही याच पत्रातून सांगणे आहे. संचालनालयाने अशा नोंदींसाठी एक सोपा मराठी नमुना ठरवून द्यावा, त्या स्वीकारण्याची आणि क्रमांक देऊन जतन करण्याची व्यवस्था करावी, आणि नोंद करणाऱ्याचे नाव तिच्यावर कायम ठेवावे. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या किल्ल्यांची संदर्भांसह सूची डी. जे. कॅथकार्ट किंग यांनी एकट्याने तयार करून १९८३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. आपल्या राज्यातल्या लहानमोठ्या सर्व गडांची, गढ्यांची आणि टेहळणीच्या चौक्यांची तशी सूची, एवढे मनुष्यबळ हाताशी असताना, आपल्याला अशक्य नाही. संचालनालयाचे कर्मचारी थोडे आहेत आणि गड पुष्कळ, म्हणूनच संस्थांना बाहेरचे न मानता या कामात घ्यावे.

संस्थांकडून मी पुढच्या हंगामासाठी एवढीच अपेक्षा ठेवतो. पावसाळा सरल्यावर गवत वाळू लागले की प्रत्येक संस्थेने आपल्या जवळचा, फारसा कुणी न जाणारा एक गड निवडावा. पहिल्या मोहिमेत काहीही साफ न करता फक्त मोजणी करावी. ती मराठीत, आराखड्यांसह, वीस-पंचवीस पानांच्या पुस्तिकेच्या रूपात छापावी. ज्याविषयी खात्री नाही तिथे 'बहुधा' असे लिहावे आणि तसे का वाटते तेही लिहावे. पुस्तिकेच्या प्रती संचालनालयाला, तालुक्याच्या वाचनालयाला आणि पायथ्याच्या ग्रामपंचायतीला द्याव्यात, आणि दुसऱ्या संस्थेने त्याच गडावर जाऊन आपली मापे तपासावीत असे आमंत्रणही तिच्यात छापावे. मापे घेण्याची पद्धत ज्यांना शिकून घ्यायची असेल त्यांच्याबरोबर ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या कोणत्याही गडावर येण्यास मी तयार आहे.

आपला,
ठाण्यातील एक दुर्गअभ्यासक